गोळीने आखलेला नकाशा : मेंदूतील दृष्टी, दोन युद्धे आणि एक वाया गेलेले निरीक्षण

#धागा #इतिहास

१/
१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धातून मायदेशी परतलेल्या जपानी सैनिकांत काही जखमी मोठे चमत्कारिक होते. त्यांचे डोळे शाबूत होते. बुबुळे स्वच्छ, दृष्टिपटल निरोगी, डोळ्यांची हालचाल सुरळीत. तरीही कोणाला समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग दिसत नसे, कोणाला पायाखालची जमीन दिसत नसे, तर कोणाला जेथे नजर रोखावी नेमके तेथेच काही दिसत नसे. या सर्वांत समान गोष्ट एकच होती. डोक्याच्या मागच्या भागात दोन लहानशा खुणा, एक गोळी आत शिरल्याची आणि एक बाहेर पडल्याची.

२/
जपानी शासनापुढचा प्रश्न शास्त्राचा नव्हता, हिशेबाचा होता. जखमी सैनिकाला निवृत्तिवेतन द्यायचे, तर त्याने किती गमावले हे ठरवणे भाग होते. तुटलेला हात दिसतो, कापलेला पाय मोजता येतो. पण निरोगी दिसणाऱ्या डोळ्यांतून हरवलेली दृष्टी कोणत्या मापाने मोजायची? हे काम तात्सुजी इनोउये (१८८१-१९७६) या तरुण नेत्रवैद्याकडे आले. या कारकुनी वाटणाऱ्या कामातून मानवी मेंदूतील दृष्टीचा पहिला भरवशाचा नकाशा तयार झाला.

३/
हा धागा त्या नकाशाचा आहे आणि ज्यांच्या जखमांवरून तो आखला गेला त्या सैनिकांचाही. पुढे हाच नकाशा इतका प्रमाणभूत ठरला की, त्यात न बसणारे एक निरीक्षण अर्धशतकाहून अधिक काळ अडगळीत पडले. तो भाग शेवटाकडे येईल.

४/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. २ फेब्रुवारी १७७६ रोजी इटलीतील पार्मा येथे फ्रान्चेस्को जेन्नारी हा वैद्यकाचा विद्यार्थी गोठवलेला मेंदू कापून पाहत होता. मेंदूच्या मागच्या भागात, राखाडी थराच्या मधोमध, त्याला एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसली. १७८२ मध्ये त्याने ती पुस्तकात नोंदवली. रेघ तेवढ्याच भागात का, हे त्याला ठाऊक नव्हते. दृष्टीशी निगडित असलेला मेंदूचा भाग माणसाने प्रथम पाहिला तो असा, काय पाहतो आहोत हे न कळता.

५/
१८५५ मध्ये पाव्हियाच्या बार्तोलोमेओ पानिझ्झाने दृष्टीचे स्थान मेंदूच्या मागच्या भागात असल्याचे मांडले. त्याचे कोणी ऐकले नाही. पुढच्या पिढीत वाद पेटला तो स्कॉटिश डेव्हिड फेरियर आणि बर्लिनचा हर्मान मुंक यांच्यात. फेरियरने माकडाच्या मेंदूचा कानामागून थोडा वरचा भाग (अँग्युलर गायरस) नष्ट केला. त्या माकडाला चहा फार आवडत असे. पेला ओठांना लावला की ते प्यायचे. पेला दूर नेला की समोर असूनही त्याला तो सापडायचा नाही. फेरियरने निष्कर्ष काढला : माकड आंधळे झाले, म्हणून दृष्टी येथेच आहे.

६/
मुंकने कुत्र्यांवर आणि माकडांवर प्रयोग करून दृष्टीचे स्थान त्याहून मागे, पश्चखंडात, म्हणजे डोक्याच्या अगदी मागच्या भागातील मेंदूत असल्याचे दाखवले. मुंकचे बरोबर ठरले. फेरियरचे निरीक्षण मात्र खोटे नव्हते, त्याचा अर्थ चुकला होता. त्या माकडाची दृष्टी बहुधा गेली नव्हती. पाहिलेल्या वस्तूकडे अचूक हात नेण्याची क्षमता गेली होती. ‘दिसणे’ म्हणजे एकच एक गोष्ट, हे गृहीत धरल्याने एका चतुर संशोधकाची अशी फसगत झाली. ही चूक या कथेत पुन्हा भेटणार आहे.

७/
माणसाच्या बाबतीत स्वीडनच्या सालोमोन हेन्शेनने मृत रुग्णांच्या मेंदूंचा कसून अभ्यास केला आणि दृष्टीचे स्थान पश्चखंडाच्या आतल्या बाजूला असलेल्या एका खोल खाचेभोवती आणून ठेवले. ही कॅल्करिन खाच. दृष्टिपटलाची जणू प्रतिकृती या खाचेभोवती पसरलेली आहे, हे त्याचे म्हणणे मूलतः योग्य होते. परंतु प्रतिकृतीची दिशा त्याने उलटी धरली. नजरेचा मध्य त्याने खाचेच्या पुढच्या टोकाला ठेवला आणि कडेची दृष्टी मागे. अडचण साधनसामग्रीची होती. हेन्शेनजवळ होते पक्षाघात आणि गाठींचे रुग्ण, आणि रोगाने झालेली हानी पसरट, अस्ताव्यस्त असते. नकाशा काढायला लहान, नेमकी, जागा ठाऊक असलेली जखम हवी, आणि तीही जिवंत, बोलू शकणाऱ्या माणसाच्या डोक्यात.

८/
ती जखम बंदुकीच्या कारखान्याने पुरवली.

रशियन सैन्याने १८९१ मध्ये मोसिन-नागां रायफल स्वीकारली होती. तिच्या गोळीचा व्यास ७.६२ मिलिमीटर आणि नळीतून सुटतानाचा वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर. तत्पूर्वीच्या जाड, मंद शिशाच्या गोळ्या कवटी फोडून मेंदूचा चेंदामेंदा करीत. ही नवी गोळी पुष्कळदा सरळ रेषेत आरपार जाई. मार्गात मोठी रक्तवाहिनी किंवा मेंदूचा बुंधा आला नाही, तर माणूस वाचे. पुढे तो इनोउयेसमोर खुर्चीवर बसून उत्तरे देऊ शके.

९/
इनोउयेची युक्ती साधी आणि सुंदर होती. गोळी सरळ रेषेत गेली असेल, तर आत शिरल्याची व बाहेर पडल्याची जागा जोडणारी रेषा म्हणजे जखमेचा मार्ग. कवटीवरील या दोन्ही जागा तिन्ही मितींत अचूक टिपण्यासाठी त्याने डोक्यावर बसवायचे एक मोजमापाचे उपकरण तयार केले. प्रत्येकाचे डोके निराळ्या आकाराचे. तो फरकही त्याने हिशेबात धरला. अशा रीतीने, डोके न उघडता, गोळीने मेंदूचा नेमका कोणता भाग छेदला हे त्याला काढता येऊ लागले.

१०/
दुसरे साधन होते पेरिमीटर. धातूची एक अर्धवर्तुळाकार कमान. रुग्णाने एक डोळा झाकून मध्यावरील खुणेवर नजर खिळवायची, परीक्षकाने एक लहान पांढरी टिकली कमानीवरून सरकवायची, आणि ती दिसू लागली वा नाहीशी झाली की रुग्णाने सांगायचे. कमान फिरवीत सर्व दिशांनी हेच करायचे. कागदावर उमटणारी आकृती म्हणजे त्या माणसाचे दृष्टिक्षेत्र, आणि त्यातील काळा केलेला भाग म्हणजे त्याचे अंधत्व. निवृत्तिवेतनाच्या कचेरीला हाच काळा भाग हवा होता. इनोउयेने तो गोळीच्या मार्गाशी ताडून पाहिला.

११/
१९०९ मध्ये लाइपझिगहून जर्मन भाषेत त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात २९ रुग्णांची हकीकत आहे. चित्र असे उभे राहिले : डाव्या मेंदूत दृश्याचा उजवा अर्धा भाग, उजव्यात डावा. खाचेच्या वरच्या काठावर दृश्याचा खालचा भाग, खालच्या काठावर वरचा. हेन्शेनची दिशा त्याने उलटी केली. नजरेचा मध्य मागे, डोक्याच्या पार मागच्या टोकाशी. कडेची दृष्टी पुढे, खोल आत.

१२/
याहून मोलाची गोष्ट पुढची. मेंदूतील हा नकाशा समप्रमाणात नाही. हात पूर्ण लांबवून अंगठा डोळ्यांसमोर धरावा. त्याची रुंदी दृष्टिक्षेत्राच्या सुमारे २ अंशांएवढी भरते. संपूर्ण दृष्टिक्षेत्र आडवे मोजले तर १८० अंशांच्या आसपास. असे असूनही त्या अंगठ्याएवढ्या मध्यभागाला मेंदूत जी जागा मिळते, ती कडेच्या तेवढ्याच तुकड्याला मिळणाऱ्या जागेच्या कित्येक पट असते. एखाद्या जिल्ह्याच्या नकाशात एका गल्लीने अर्धा कागद व्यापावा, तसा हा प्रकार. अक्षरे वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे, सगळे या गल्लीत चालते. इनोउयेच्या आकृतीत मध्याचे हे झुकते माप स्पष्ट दिसते.

१३/
पाच वर्षांनी युरोपात महायुद्ध सुरू झाले आणि असे जखमी हजारोंच्या संख्येने येऊ लागले.

गॉर्डन होम्स (१८७६-१९६५) हा आयर्लंडमध्ये जन्मलेला, लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातील चेताविकारतज्ज्ञ. १९१४ मध्ये तो सैन्यात भरती व्हायला गेला, तेव्हा दृष्टी अधू म्हणून त्याला नाकारण्यात आले. इतिहासाला असल्या विनोदांची आवड असते. तो रेड क्रॉसच्या रुग्णालयाबरोबर फ्रान्सला गेला, तेथील त्याचे काम पाहून सैन्याने विचार बदलला, आणि तो फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याचा सल्लागार तज्ज्ञ झाला. ज्याला दृष्टिदोषामुळे परत पाठवले, त्याच्याच नावाने दृष्टीचा नकाशा पुढे ओळखला गेला.

१४/
खंदकांच्या युद्धाने जखमांची जागा ठरवून दिली. शरीर जमिनीखाली, डोके वर. १९१५ च्या उत्तरार्धापासून ब्रिटिश सैनिकांना ब्रोडी शिरस्त्राण मिळू लागले. उथळ परातीसारखे, रुंद काठाचे. वरून कोसळणाऱ्या तुकड्यांपासून ते टाळू वाचवी. डोक्याची मागची खालची बाजू उघडीच राही.

१५/
होम्सच्या रुग्णांत दृश्याचा खालचा भाग गमावलेल्यांची संख्या मोठी होती. वरचा भाग गमावलेले फार थोडे. यावरून मेंदूचा वरचा काठ अधिक नाजूक असतो असे कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. खालच्या काठाला इजा करणारा तुकडा बहुधा लहान मेंदूत आणि तेथील मोठ्या रक्तशिरांतही शिरे, आणि तो सैनिक रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. नकाशा जिवंत राहिलेल्यांनी काढून दिला. त्याच्या एका बाजूचा मजकूर विरळ आहे, कारण तो मजकूर सांगू शकणारे फ्लँडर्सच्या मातीत राहिले.

१६/
होम्सने नेत्रतज्ज्ञ विल्यम लिस्टरसह १९१६ मध्ये आणि नंतर १९१८ मध्ये स्वतंत्रपणे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोर्चाजवळच्या रुग्णालयांतील त्या चाचण्यांची कल्पना करून पाहण्याजोगी आहे. डोक्याला पट्टी, बाहेर तोफांचा आवाज, आणि तशा स्थितीत एका खुणेवर नजर न हलवता खिळवून ठेवायची. क्ष-किरण छायाचित्रांनी तुकड्यांची जागा कळे. जे दगावत, त्यांच्या मेंदूची तपासणी चाचणीशी ताडता येई. इनोउयेच्या नकाशाची मुख्य तत्त्वे या साऱ्यातून पक्की झाली. खंदकांच्या पलीकडे, कलोनमध्ये, वाल्टर पॉपेलरॉयटर जर्मन जखमींवर याच प्रकारचे काम करीत होता. १९१७ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला.

१७/
होम्सचा नकाशा पाठ्यपुस्तकांत गेला आणि तेथे ठाण मांडून बसला. इनोउयेचे नाव मागे पडले. जर्मन भाषेतील जपानी लेखकाचा प्रबंध, आणि मध्ये दोन महायुद्धे. १९८७ मध्ये मिचेल ग्लिकस्टाइन आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी त्याच्या कार्याची पुन्हा ओळख करून दिली, आणि संपूर्ण प्रबंध इंग्रजीत यायला २००० साल उजाडले. श्रेयाच्या वाटपात भाषेचे वजन किती असते, हे यावरून दिसावे.

१८/
आता त्या अडगळीतल्या निरीक्षणाकडे.

१९१७. लंडनमध्ये जखमी अधिकाऱ्यांसाठी चालवलेले एम्पायर रुग्णालय. जॉर्ज रिडॉक (१८८८-१९४७) हा सैन्याच्या वैद्यकीय दलातील तरुण कप्तान. त्याच्यासमोरही तेच रुग्ण, तीच कमान, तीच टिकली. परंतु त्याने एक जास्तीची गोष्ट केली. टिकली स्थिर ठेवून एकदा दृष्टिक्षेत्र तपासले आणि टिकली हलवून पुन्हा तपासले. दोन्हींची नोंद निरनिराळी ठेवली. दोन्ही आकृत्या जुळायला हव्या होत्या. काही रुग्णांत त्या जुळल्या नाहीत.

१९/
ज्या भागात स्थिर वस्तू मुळीच दिसत नव्हती, त्याच भागात वस्तू हलली की या अधिकाऱ्यांना काहीतरी जाणवत होते. काय जाणवते, असे विचारले की ते अडखळत. आकार नाही, रंग नाही, धूसर सावलीसारखे काहीतरी, आणि त्याचे ‘जाणे’ तेवढे निश्चित. वस्तू थांबली की तीही नाहीशी. बरे होऊ लागलेल्यांत हालचालीची ही जाणीव आधी परतते, असेही त्याने नोंदवले. त्याचा निष्कर्ष धाडसी होता : हालचाल पाहणे ही मेंदूची स्वतंत्र क्षमता आहे, आणि ती आकार वा रंग पाहण्याच्या क्षमतेपासून वेगळी पडू शकते.

२०/
होम्सला हे मान्य झाले नाही. पश्चखंडाच्या जखमेने दृष्टीचे घटक असे सुटे होतात, हे त्याने १९१८ मध्ये नाकारले. त्याच्या दृष्टीने मेंदूचा तो भाग म्हणजे एकसंध पडदा होता. पडद्याला भोक पडले की तेवढ्या जागेतले सगळेच जाते, आकार, रंग, हालचाल, सर्व. नकाशात ‘कोठे’ या प्रश्नाचे उत्तर होते. ‘काय’ या प्रश्नासाठी रकानाच नव्हता.

२१/
रंगाच्या बाबतीत हेच आधी घडून गेले होते. १८८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुई व्हेरेने साठीच्या एका स्त्रीची नोंद केली. पक्षाघातानंतर तिला उजव्या बाजूचे जग राखाडी दिसू लागले; रंग तेवढे गेले. मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा इजा कॅल्करिन खाचेच्या खाली असलेल्या वळ्यांत आढळली. हेन्शेनने ते स्थान मानले नाही, होम्सने मानले नाही, आणि व्हेरेची ती रुग्ण पुस्तकांतून जवळजवळ पुसली गेली.

२२/
होम्सला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. त्याच्यासमोर शेकडो रुग्ण होते, रिडॉकसमोर मोजके. शास्त्रात एका विक्षिप्त निरीक्षणासाठी सुस्थापित चित्र मोडायचे नसते, हा नियम बहुतेक वेळा योग्यच ठरतो. तरीही अधिकाराचे वजन नाकारता येत नाही. होम्स १९२२ ते १९३७ या काळात ‘ब्रेन’ या नियतकालिकाचा संपादक होता. रिडॉकचा निबंध त्याच नियतकालिकात छापला गेला होता. क्वीन स्क्वेअरमध्ये शिकणाऱ्या पिढ्यांच्या दृष्टीने होम्सने निकाल दिलेल्या प्रश्नावर पुन्हा काम करण्यात अर्थ नव्हता. आणि ‘आंधळ्या’ भागात काहीतरी हलते असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शब्दाला नकाशापुढे किंमत राहिली नाही.

२३/
रिडॉकने तो वाद पुढे ओढला नाही. तो पाठीच्या कण्याच्या जखमांकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात अशा जखमींच्या विशेष विभागांची उभारणी त्याच्याकडे होती, आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या लुडविग गुटमन या डॉक्टरला स्टोक मँडव्हिलच्या विभागाची जबाबदारी देण्यात त्याचा हात होता. गुटमनने तेथे १९४८ मध्ये जखमी सैनिकांच्या क्रीडास्पर्धा सुरू केल्या. त्यांचेच पुढे पॅरालिंपिक झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, तो जलतरण तलाव या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. विषयांतर झाले; पण दृष्टीच्या वादात हरलेल्या माणसाचे बाकीचे आयुष्य वाया गेले नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

२४/
रिडॉक १९४७ मध्ये वारला, होम्स १९६५ मध्ये. १९७४ मध्ये, पुन्हा ‘ब्रेन’मध्येच, लॉरेन्स वायस्क्रांट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. डी. बी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाच्या उजव्या पश्चखंडातील विकृत रक्तवाहिन्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढली होती, आणि त्याच्या दृश्याचा डावा भाग गेला होता. त्या भागात प्रकाशाचा ठिपका दाखवून त्याला विचारले, की तो म्हणे, काही दिसत नाही. नुसता अंदाज करून बोट दाखवा, असे म्हटले, की त्याचे बोट बरेचसे अचूक जाई. उभी रेघ की आडवी, हेही तो ‘अंदाजाने’ ओळखी. निकाल सांगितले तेव्हा तो स्वतःच चकित झाला.

२५/
या अवस्थेला ‘ब्लाइंडसाइट’ हे नाव पडले. मराठीत अंधदृष्टी म्हणता येईल. येथे एक भेद जपायला हवा. डी. बी.ला पुष्कळदा जाणीवच नव्हती, तरी मेंदू जाणत होता. रिडॉकच्या अधिकाऱ्यांना जाणीव होती, पण पुसट आणि फक्त हालचालीची. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्यांच्या सीमारेषेवर आजही वाद होतात. परंतु दोहोंचा एक अर्थ समान आहे. पश्चखंडातल्या त्या पडद्याला भोक पडले, तरी मागे काहीच उरत नाही असे नाही.

२६/
याच दशकात लंडनमध्ये सेमीर झेकीने माकडाच्या मेंदूत त्या मुख्य नकाशाबाहेर एक लहान प्रदेश दाखवला. तेथील पेशी हालचालीला, आणि हालचालीच्या दिशेला, प्रतिसाद देत. माणसातील त्याच्या जोडप्रदेशाला आता व्ही-५ म्हणतात. डोळ्यांकडून येणारे काही तंतू मुख्य नकाशाला वळसा घालून येथवर पोहोचतात. रिडॉकच्या रुग्णांत काय शाबूत राहिले असावे, त्याचा हा पत्ता.

२७/
उलट पुरावा म्युनिकहून आला. १९८३ मध्ये जोसेफ झील आणि सहकाऱ्यांनी एल. एम. या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला आकार दिसत, रंग दिसत. हालचाल दिसत नसे. पेल्यात चहा ओतताना धार तिला बर्फासारखी गोठलेली दिसे, आणि पेला भरत आला हे न कळल्याने चहा सांडे. रस्ता ओलांडताना मोटार दूर असे आणि पुढच्या क्षणी अंगावर आलेली असे. मधला प्रवास नाहीच. घरात माणसे वावरू लागली की ती अस्वस्थ होई, कारण ती एकदम येथे, एकदम तेथे प्रकट होत. रिडॉकच्या अधिकाऱ्यांना फक्त हालचाल उरली होती. हिची फक्त हालचाल गेली होती.

२८/
१९९३ मध्ये मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्रण करून जी. वाय. या रुग्णाची तपासणी झाली. बालपणीच्या अपघातात त्याच्या एका बाजूचा मुख्य नकाशा नष्ट झाला होता. ‘आंधळ्या’ बाजूला वेगाने हलणारी वस्तू दाखवली, तेव्हा व्ही-५ कार्यरत झाल्याचे दिसले, आणि वस्तू कोणत्या दिशेला गेली हेही त्याने सांगितले. त्याला होणारी जाणीव पुन्हा सावलीच्याच भाषेत सांगितली गेली. १९९८ मध्ये झेकी आणि डॉमिनिक फिच यांनी ‘ब्रेन’मध्येच या अवस्थेला नाव दिले : रिडॉक लक्षणसमूह. १९१७ च्या त्या निबंधाला मान्यता मिळायला ८१ वर्षे लागली.

२९/
होम्सचा नकाशा मात्र मोडीत निघालेला नाही, हेही सांगायला हवे. १९९१ मध्ये जोनाथन हॉर्टन आणि विल्यम हॉइट यांनी एमआरआयच्या साहाय्याने तो पडताळला. आराखडा बरोबर निघाला, माप चुकले होते. मध्याला होम्सने दिली होती त्याहून बरीच अधिक जागा मेंदूत मिळते. मधल्या सुमारे १० अंशांसाठीच त्या पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडतो. त्यानंतर काही वर्षांतच, कोणाच्याही डोक्याला जखम नसताना, निरोगी माणसाला यंत्रात निजवून आणि त्याच्यासमोर चित्रे फिरवून हाच नकाशा तासाभरात काढता येऊ लागला.

३०/
इनोउयेच्या कमानीचा वारस आज नेत्ररुग्णालयांत भेटतो. काचबिंदूच्या रुग्णांना ‘फील्ड टेस्ट’ परिचयाची असते. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्यावर नजर खिळवायची, आणि पांढऱ्या गोलात कोठेही ठिपका चमकला की बटण दाबायचे. शेवटी यंत्र एक कागद छापून देते. दिसत नाही तो भाग त्यावर काळा असतो. पश्चखंडाला इजा झालेल्या रुग्णांचीही बहुधा हीच चाचणी होते. त्यात ठिपका एका जागी उजळतो आणि तेथेच विझतो. तो सरकत नाही. रिडॉकच्या अधिकाऱ्यांपैकी एखाद्याला त्या यंत्रासमोर बसवले, तर जेथे त्याला काहीतरी जाताना जाणवत होते, ती जागा कागदावर काळीच उमटेल.